अंजिरावर पोसलेला शब्द

गुरुवार, २७ ऑगस्ट

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इर्मा, तुमचा रक्तदाब भलताच वाढलाय. राग आला की गिऱ्हाइकांवर खेकसू नका, वहीत लिहून काढा." म्हणून ही वही. गिऱ्हाइकांवर खेकसणंही चालू ठेवलंय. दोन्ही औषधं एकदम घेतली की गुण लवकर येतो.

रागाचं कारण शोधायला लांब जायला नको. आमचे थोरले बंधू, प्रोफेसर ओलिंदो. पादोव्याच्या शाळेत जन्मभर लॅटिन शिकवलं, म्हणजे ज्या भाषेत कुणी साधं मीठही मागत नाही ती पोरांच्या डोक्यात कोंबली. फेब्रुवारीत लिवियावहिनी गेली. ऑगस्टच्या सुरुवातीला हे "आठवडाभर येतो" म्हणून आले. आठवड्याच्या मुक्कामाला पुस्तकांची इतकी खोकी लागतात हे मला ठाऊक नव्हतं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एक खोकं. वर झोपायला जायचं म्हणजे मला बकरीसारख्या उड्या माराव्या लागतात.

आज गुरुवार, म्हणजे माझ्या खाणावळीत कांदा घातलेली कलेजी. माणसं निवांत जेवत होती. प्रोफेसरांनी स्वतःच्या ताटातलं काही खाल्लं नाही, पण बोट वर केलं. हे बोट वर गेलं की पळून जावं, असा त्याच्या विद्यार्थ्यांचा अनुभव असणार.

"तुम्ही काय खाताय, माहीत आहे का?"

"कलेजी," नाने म्हणाला. नाने आमचा खाटीक. कलेजी सकाळी त्यानेच आणून दिली होती, तेव्हा त्याला थोडीफार कल्पना असावी.

"चूक! तुम्ही 'अंजिरवाली' खाताय."

मग प्रवचन. कलेजीला आपण 'फेगातो' म्हणतो ना, त्या शब्दात कलेजी कुठेच नाही. जुन्या रोमन लोकांचा खरा शब्द होता 'येकुर'. पण ते चोखंदळ मेले हंसांना अंजिरं चारून त्यांची कलेजी फुगवायचे, आणि त्या पदार्थाला म्हणायचे 'येकुर फिकातुम', अंजिरवाली कलेजी. 'फिकुस' म्हणजे अंजीर. बोलायच्या घाईत 'येकुर' गळून पडला, 'फिकातुम' तेवढा राहिला, आणि झिजून झिजून त्याचा झाला 'फेगातो'.

"म्हणजे माझ्या पोटात आहे ती पण अंजिरवाली?" नानेनं विचारलं.

"तीसुद्धा. तुझी तर दारूवाली, पण शब्द तोच. तिकडे हिंदुस्थानातल्या जुन्या भाषेत अजून 'यकृत्' म्हणतात, ते आपल्या येकुरचंच भावंड. त्यांनी सांभाळलं, आपण अंजिरापायी घालवलं."

"असा कुठे मूळ शब्द गळतो का?" मी म्हटलं.

"रोज सकाळी तुझ्याकडे लोक काय मागतात, इर्मा? 'एक डागाळलेली दे.' दुधाचा डाग पडलेली कॉफी. कॉफीचं नाव कुणी काढतं का? कॉफी गळाली, डाग राहिला."

हे मात्र खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

नाने काटा रोखून म्हणाला, "मास्तर, हंस अंजीर खात नाही. जन्म गेला माझा हंस कापण्यात. पोटात एक अंजीर सापडलं नाही."

"कारण कुणी घातलं नाही! सान मार्तीनला दाखवतो तुला. आमच्या मागच्या झाडाचीच अंजिरं घालतो."

"हंसानं खाल्लं तर भर चौकात 'मास्तर बरोबर' म्हणून ओरडेन."

अकरा नोव्हेंबरला सान मार्तीन. त्या दिवशी आमच्याकडे घरोघर हंस शिजतो, आणि ज्याला घर बदलायचं असेल तो त्याच दिवशी बिऱ्हाड हलवतो. शेतीचे करार पूर्वी त्या दिवशी संपायचे, करार गेले, खोड राहिली. 'सान मार्तीन केलं' म्हटलं की समजायचं, हा गेला. मी बोटं मोजली. आठवड्याचे झाले की तीन महिने!

रविवार, ३० ऑगस्ट

हंस आले. एक नर, दोन माद्या. चित्रात तळ्यावरून मिरवतात ते हंस हे नव्हेत. हे अंगणभर घाण करतात, फुलझाडं मुळासकट उपटतात आणि पाहुण्याची पोटरी धरतात. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. घोडं परवडलं असतं.

प्रोफेसरांची विजार कमरेवरून घसरते, म्हणून सुतळीनं बांधलीय. माझ्या हातचं दोन घास टिपतो अन् ताट सारतो. पादोव्याची जीभ, आमचा गावठी स्वयंपाक तिला कुठला रुचायला?

रविवार, ६ सप्टेंबर

हंस अंजीर खात नाहीत.

हे वाक्य मी दोनदा वाचलं, इतकं गोड लागलं. प्रोफेसर आठवडाभर पालथ्या टोपलीवर बसून त्यांना अंजिरं दाखवताहेत, हंस मान फिरवताहेत. आज शेवटी 'असं खायचं असतं' म्हणून स्वतः खाऊन दाखवलं. एक, मग दुसरं, मग बराच वेळ तिथेच बसून खात राहिला. रस मनगटावर ओघळत होता. हंस बघत होते, मी खिडकीतून बघत होते. एकूण चौघांचं मनोरंजन झालं. नंतर भांडी घासताना लक्षात आलं की मी गुणगुणतेय. हंस जिंकले याचा आनंद, दुसरं काय!

सोमवार, १४ सप्टेंबर

हंस अंजीर खातात. कपाळ माझं.

काल पोलेंता उरला होता. मक्याचं पीठ काय फुकट येतं? फेकवेना. त्यात भट्टीत सुकलेली अंजिरं कुस्करून अंगणात ठेवलं. मेल्यांनी पातेलं असं चाटून ठेवलं की घासावं लागलं नाही. प्रोफेसर गमबूट घालून स्वयंपाकघरात धावत आला, नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून, आणि माझे खांदे धरून गदागदा हलवले. "खाल्लं इर्मे! खाल्लं!" इर्मे म्हणून त्यानं मला शेवटची हाक मारली तेव्हा मी शाळेत होते.

"फरशी," मी म्हटलं.

"हो, हो, फरशी," म्हणाला अन् तसाच चिखल तुडवत परत गेला. दुपारी दोन वाट्या सूप प्यायला. आता रोज पोलेंता जास्त करावा लागणार. हंसांसाठी.

रविवार, २० सप्टेंबर

फियोरेलाचा फोन. ओलिंदोची मुलगी, तोरिनोत असते, दर रविवारी बापाची चौकशी करते. बाप मागे हंसांत, म्हणून फोन मी घेतला, भर गिऱ्हाइकांत.

"आत्या, बाबा तुला त्रास देत नाहीत ना?"

"त्रास? छे गं! सत्तरीचं बाळ पाळायची मला हौसच होती. जिना पुस्तकांनी भरला, अंगण हंसांनी भरलं, डोकं लॅटिननं भरलं. अगदी सुखात आहे बघ."

नाने हसला, सगळे हसले. आमच्याकडे हसण्यासारखंच होतं ते. ती मात्र गप्प. शहरातले फोन असेच, मध्येच मुके होतात.

मग मी विचारलं, "जावई कुठाय?"

"रुग्गेरो कामासाठी बाहेरगावी आहे."

मार्चपासून बाहेरगावी आहे. इतकं काम पोपलासुद्धा नसतं. मी तसं म्हटलं तिला. ती 'हो ना' म्हणाली, बापानं नाश्त्याला काय खाल्लं, दुपारी काय खाल्लं, सगळं पुन्हा विचारलं. मग ठेवते ठेवते म्हणत ठेवेचना. मुलींना एवढा वेळ असतो कसा देव जाणे. मला कांदे चिरायचे होते, मीच ठेवला.

तोरिनोला राहून तिची भाषा फार गुळगुळीत झालीय. आमच्या गावात गोड बोलतात ते वसुलीला आलेल्या सरकारी माणसाशी. घरच्या माणसाला टोमणाच. आमचे बाबा आईला सकाळी उठल्यावर म्हणायचे, "अजून आहेस होय?" आणि आई गेली त्या दिवशी स्वतः जेवले नाहीत.

गुरुवार, १ ऑक्टोबर

नवीन उपद्रव. आता खाणावळीत प्रत्येकाला आपापल्या शब्दाचं मूळ हवंय. "मास्तर, विजारीला 'पंतालोनी' का म्हणतात? मास्तर, पगाराला 'सालारियो' का?" पूर्वी दोन पेले पिऊन, पत्ते कुटून घरी जायचे, आता बसून राहतात. धंदा वाढला. कटकट वाढली असं म्हणायचंय मला.

'फेगातो'चं एक कोडं मात्र त्यालाही सुटत नाही. 'फिकातुम' म्हणताना जोर मधल्या अक्षरावर यायचा, 'फेगातो'त तो पहिल्यावर कसा सरकला? पंडित दीडशे वर्षं भांडताहेत म्हणे. नाने म्हणाला, "भांडून भांडून थकले असतील, आता जोर कुणाकडेच उरला नसेल." ओलिंदो इतका हसला की ठसका लागला. मी पाठीत धपाटा घातला. जरा जोरात घातला. हाताला हाडं लागली नाहीत.

सुतळी सुटली. विजार आता घट्ट होते, मला उसवून सैल करून द्यावी लागली. शिवणकाम तेवढं राहिलं होतं.

दुपारी कोंबड्यांना दाणे टाकायला गेले तर हा भिंतीपलीकडे थोरल्या मादीशी बोलत होता. म्हटलं लॅटिन असेल. लॅटिन नव्हतं. लिविया शेवटच्या दिवसांत पेज कशी मागायची अन् समोर आणली की तोंड कसं फिरवायची, ते सांगत होता. सगळं, पहिल्यापासून. हंसीण ऐकत होती. सख्ख्या बहिणीशी मात्र दोन महिन्यांत 'मीठ दे' आणि 'आज कोणता वार' याच्यापलीकडे गाडी गेली नाही. मी काय चावते का? ती चावते!

मी दाणे न टाकताच परत आले.

रविवार, ११ ऑक्टोबर

आनंदाची बातमी. फियोरेलाकडे खोली रिकामी आहे. सान मार्तीनला ती गाडी घेऊन येणार आणि बापाला खोक्यांसकट तोरिनोला नेणार, कायमचा. "आत्या, तू खूप केलंस. आता तुझी सुटका."

"देव पावला," मी म्हटलं.

ओलिंदोला सांगितलं, "चला प्रोफेसर, सुटले मी. जिना मोकळा होणार."

तो म्हणाला, "हो. तुलाही किती दिवस त्रास द्यायचा." बादली उचलली अन् हंसांना घालायची वेळ झाली नव्हती तरी मागे गेला.

जेवायच्या वेळी मी रश्शात मिठाऐवजी साखर घातली. नानेनं संपवला आणि म्हणाला, "हा पण रोमन पदार्थ का?" त्याच्या अंगावर मी असं काही बोलले की ते इथे लिहायला नको. डॉक्टरीणबाईंनी असल्या शब्दांसाठी वही दिली नसावी.

मंगळवार, २० ऑक्टोबर

रक्तदाब पुन्हा वर. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात काही झालंय का?" म्हटलं, "झालं कुठलं? उलट पाहुणा जाणार आहे, सुटका व्हायचीय." त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि गोळी बदलली. माणसाला सुखसुद्धा बाधतं हे शिकले.

बुधवार, २८ ऑक्टोबर

त्याने खालच्या पायऱ्यांवरची खोकी बांधली. तेवढा जिना मोकळा झाला. फार भकास दिसतो. पूर्वी असाच दिसायचा का?

सोमवार, २ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. ओलिंदो शेवंतीची फुलं घेऊन एकटाच पादोव्याला लिवियाच्या थडग्यावर गेला. दोन पाव बांधून दिले. निघताना म्हटलं, "वहिनीला सांग, माणूस तुझा आला तेव्हा काटकी होता, वजन वाढवून परत करतेय."

तो दारात थांबला. टोपी हातात फिरवत राहिला. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. म्हणाला, "बस चुकेल."

परत आला तेव्हा डोळे सुजले होते. म्हणे वारा होता. पादोव्यात वारा! मी गरम वाईन दिली. दोघे चुलीपाशी बसलो. कुणी काही बोललं नाही, बरंच झालं. शब्दांचं मूळ नाही, फियोरेलाचा फोन नाही. फार बरं वाटलं. पाहुणे गप्प असले की बरंच वाटतं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

हंस आज कापला, दोन दिवस थंडीत लटकला की मांस मऊ होतं. नर कापला. माद्यांकडे बोट दाखवलं तेव्हा प्रोफेसरांनी अशी नजर केली की मी सुरी वळवली. हंस कापणं आमच्याकडे घरच्या बाईचं काम, आईपासून चालत आलेलं. मी मान धरली, त्यानं पाय धरले, तोंड तिसरीकडे.

पिसं काढत अंगणात बसलो होतो. तो म्हणाला, "इर्मा, तुला खरं सांगू? त्या शब्दात मला अंजिराचं नवल नाही वाटत. नवल याचं की मुख्य शब्दच गळाला आणि कुणाला पत्ता लागला नाही. वरची सजावट तेवढी बोलत राहिले, शेकडो वर्षं. घराघरांतसुद्धा असंच होत असेल. जे म्हणायचं ते गळून जातं, वरचं अंजीर तेवढं उरतं."

"प्रोफेसर," मी म्हटलं, "पाय नीट धरा, माझ्या तोंडात पिसं जाताहेत."

त्यानं नीट धरले. मग पोट फाडलं. कलेजी काढून ताटलीत ठेवली. माझ्या दोन्ही तळव्यांत मावेना एवढी, रंग लोण्यासारखा फिका. मी एवढे हंस कापले, अशी कधी पाहिली नव्हती. आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो, बाळंतिणीच्या खोलीत बघतात तसे.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटायचं नाही.

खाणावळ गच्च. फियोरेला दहालाच पोहोचली. फार वाळलीय, माझ्या गालाला गाल लावताना हाड टोचलं. "तोरिनोत जेवायची चाल बंद झाली का?" म्हटलं. हसली नाही. सरळ जिन्याकडे गेली अन् खोकी गाडीत भरायला लागली.

कलेजी मी केली. लोणी, सेजची सुवासिक पानं, मीठ, शेवटी अंजिराचे चार तुकडे, बस्स. रोमन लोक त्यात मासळीचं पाणी घालायचे म्हणे. ते मी घालू दिलं नाही, मला इथे अजून धंदा करायचाय. एकेकाला एकेक तुकडा. नानेनं तोंडात टाकला, डोळे मिटले, चावत राहिला. मग कुणाशी न बोलता उठला, चौकात जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "मास्तर बरोबर!" चर्चमधून पाद्री बाहेर आले. नानेनं त्यांनाही ओरडून सांगितलं.

सगळ्यांनी ओलिंदोच्या पाठीवर थापा मारल्या. तो मात्र शांत. मी ताटं उचलायला गेले तेव्हा हळूच म्हणाला, "यानं काही सिद्ध होत नाही, इर्मा. हंस अंजीर खातो एवढंच. शब्दाचं मूळ पुस्तकात केव्हाच लिहून ठेवलंय."

"मग हा एवढा उपद्व्याप कशाला केलास? माझ्या फुलझाडांची वाट लावलीस ती कशाला?"

"आठवडा संपला होता," तो म्हणाला. "पादोव्याच्या घरी जाववेना. इथे राहायला काहीतरी निमित्त हवं होतं. सान मार्तीन जरा लांब होतं, म्हणून ते धरलं."

माझ्या हातात ताटांची चळत होती. ती मी नानेच्या मांडीवर ठेवली.

"निमित्त? मूर्खा! हे घर काय माझ्या एकटीचं आहे? बाबांनी तुला काय हाकलून दिलं होतं?"

"तू रोज म्हणत होतीस, कधी जातोय, कधी जातोय."

"मी म्हणते ते तू कधीपासून ऐकायला लागलास!"

तो हसला. उठला, टोपी घातली. फियोरेला दारात शेवटचं खोकं घेऊन उभी होती. आणि मला समजलं की हा आता खरंच जाणार, आणि उद्या सकाळी कॉफीचं यंत्र चालू केल्यावर मागच्या दारातून चिखलाचे बूट येणार नाहीत. छातीत असं काही दाटलं की वाटलं रक्तदाबच. चांगलासा टोमणा शोधला. आयुष्यात पहिल्यांदा एकही सापडला नाही.

"राहा," मी म्हटलं.

"काय?"

"राहा म्हटलं. नको जाऊस. तू गेलास तर मला करमायचं नाही. तू आलास तेव्हापासून मी..." पत्ते कुटणारे थांबले होते. एवढ्या माणसांत मी उभी, हात रिकामे, आणि चेहऱ्याचं काय करायचं ते कळेना.

फियोरेलाच्या हातून खोकं पडलं. "आत्या! मग फोनवर तू म्हणालीस ते काय होतं? मला वाटलं बाबांनी तुझा जीव नकोसा केलाय. मी रात्र रात्र विचार करत होते, कसं सोडवू तुला म्हणून!"

"अगं, ते तर मी... तसं म्हणायचंच असतं!"

"मला कसं कळणार?"

नाने माझ्या बाजूनं म्हणाला, "आम्हाला कळलं होतं." पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

ओलिंदोनं टोपी काढली. माझ्याजवळ आला. "ऑगस्टपासून हेच ऐकायची वाट बघत होतो, इर्मे," म्हणाला. मला वाटलं जिंकले. मग म्हणाला, "पण मला जायलाच हवं. रुग्गेरो गेलाय, मार्चमध्ये. बाहेरगावी नाही, कायमचा. तिची आई गेली आणि पाठोपाठ तो. पोरगी त्या घरात एकटी आहे. ती मला न्यायला आली नाहीये, तिला मी हवाय. मी तिला शब्द दिलाय."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

फियोरेला खाली बघत म्हणाली, "तू काहीतरी म्हणशील अशी भीती वाटली, आत्या."

मी काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे. पोपला नसतं इतकं काम. म्हटलंच होतं की. ती त्यावर 'हो ना' म्हणाली होती अन् बापाचा नाश्ता विचारत बसली होती, आणि मी कांद्यासाठी फोन ठेवला होता.

आमच्या घरात मिठी मारायची पद्धत नाही. माझ्या एप्रनची गाठ सुटली होती, ती ओलिंदोनं मागून नीट बांधली. घट्ट बांधली. मी फियोरेलाच्या हातात पोलेंताचा डबा आणि उरलेला अर्धा हंस दिला. "जेव नीट," एवढंच म्हटलं. त्याच्यापुढे काही जोडलं नाही. गाडी वळणापर्यंत गेली, मग दिसेनाशी झाली.

नानेनं गिऱ्हाइकांना लवकर बाहेर काढलं. मी स्वयंपाकघरात बसून रडले, भरपूर, आवाज काढून. सहासष्ट वर्षांत पहिल्यांदा कुणाकडे सरळ काही मागितलं आणि तो सरळ नाही म्हणाला. असं झालं की माणूस तिथल्या तिथे कोसळत असेल, अशी माझी समजूत होती. म्हणून तर कधी मागितलं नाही. कोसळले नाही. उलट भूक लागली. कढईत कलेजीचा एक तुकडा राहिला होता, तो उभ्यानंच पावाला पुसून खाल्ला. मीठ जरा कमी पडलं होतं.

रविवार, १५ नोव्हेंबर

आज फियोरेलाच्या फोनची वाट न बघता मीच केला. सकाळीच, खाणावळ उघडायच्या आधी, कुणी नसताना. आकडे फिरवताना दोनदा चुकले. हंसाची मान धरताना कधी चुकले नव्हते.

तिनं उचलला. मी नीट पाठ करून ठेवलं होतं तसं म्हटलं, "बाळ, तू कशी आहेस?"

ती घाबरून म्हणाली, "आत्या, काय झालं? तुला बरं नाही का?"

"बरी आहे मी. तुझं सांग."

"माझं काय..."

"सगळं सांग. पहिल्यापासून. मला घाई नाही."

ती हळूहळू बोलायला लागली. मी खुर्ची ओढून बसले आणि मध्ये एक शब्दही बोलले नाही, जीभ दातांखाली धरून. बाहेर नाने दार वाजवून गेला, आणखी कोणकोण वाजवून गेले, कॉफीशिवाय. खाणावळ आज फार उशिरा उघडली.